ओले बोरुड: गॉस्पेल, सोल आणि मेटल, तिन्हीकडे एकच कान

सप्तकवेडी

नॉर्वे आणि (हेवी) मेटल हे शब्द एकत्र आले की बोलणं ब्लॅक मेटलवर, म्हणजे चर्चविरोधी म्हणून गाजलेल्या त्या कर्कश प्रकारावर, जातं. १९९२ साली बर्गनमधलं फांटोफ्टचं लाकडी स्टाव्ह चर्च जाळलं गेलं, १९९३ साली मेहेम या ब्लॅक मेटल बँडचा गिटारवादक युरोनिमसचा खून झाला, हा इतिहास इथे अनेकांना पाठ आहे. मला ज्याच्याबद्दल लिहायचंय तो त्याच वर्षांत त्याच देशात मोठा होत होता. मेटलची गिटार शिकत होता आणि घरी वडिलांबरोबर गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं, गात होता.

नाव ओले बोरुड. जन्म १९७६, गाव हामार. वडील आर्नोल्ड बोरुड हे नॉर्वेतल्या गॉस्पेलमधलं जुनं नाव. 'आर्नोल्ड बी. फॅमिली' हा त्यांचा घरचाच गट, आणि ओले त्यात लहानपणापासून गायला. इतकं वाचून वाटेल की पुढे हा मुलगा चर्चमध्ये गात राहिला असेल. त्याऐवजी १९९६ साली, विशीच्या उंबरठ्यावर, त्याने 'शालियाक' या नावाखाली 'सनराइज' हा डूम-डेथ मेटलचा अल्बम केला. मग 'एक्स्टॉल' या मेटल बँडमध्ये गिटार आणि गाणं. २००८ साली स्वतःच्या नावाने 'शेकिन द ग्राउंड', आणि तो अल्बम थेट सत्तरच्या दशकातल्या लॉस एंजेलिसच्या वळणाचा सोल (कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या गाण्यातून आलेला लयदार, भावपूर्ण प्रकार). २०१३ साली परत एक्स्टॉल. २०१४ साली परत सोल. २०१७ साली 'फ्लेशकिलर' नावाच्या नव्या बँडबरोबर परत मेटल. २०१९ साली 'आउटसाइड द लिमिट', म्हणजे पुन्हा सोल.

त्याच्याबद्दल जे थोडंफार लिहिलं जातं त्यात नेहमी आश्चर्याचा सूर असतो: बघा, एकच माणूस आणि किती टोकाच्या गोष्टी करतो! मला हे आश्चर्य पटत नाही. सगळं ओळीने ऐकल्यावर माझं मत असं झालं आहे की तिन्हीकडे तो एकच काम करतो. एका चालीच्या वर-खाली दुसरी आणि तिसरी चाल अशी बसवतो की ऐकताना मूळ चाल कोणती हा प्रश्नच मागे पडतो. कधी हे गळ्यांनी होतं, कधी विकृत केलेल्या गिटारींनी, कधी ब्रास (पितळी फुंकवाद्यं) आणि कीबोर्डने. हे तो शिकला घरच्या गाण्यात. मेटल नंतर आलं, सोल त्याहून नंतर. पण कान आधीच तयार होता.

'सनराइज'पासून बघू. शालियाक म्हणजे दोनच माणसं. पीटर डालबाक गातो आणि वाद्यं सगळी ओलेची. डूम-डेथ हा संथ प्रकार, एकेक स्वर लांबवर रेंगाळतो. त्यामुळे दोन गिटारी एकत्र चालत असतील तर त्यांच्यातलं अंतर प्रत्येक ठिकाणी उघडं पडतं. वेगवान मेटलमध्ये अर्धवट विचार केलेली हार्मनी (एकत्र वाजणाऱ्या स्वरांची जुळणी) खपून जाते, इथे खपत नाही. त्या वयाच्या मुलाने इतक्या धीराने लिहिलेल्या जोडगिटारी मी फार ऐकलेल्या नाहीत. ध्वनिमुद्रण साधं आहे, ड्रमचा आवाज आजच्या कानांना पातळ वाटेल. तरीही ऐका.

एक्स्टॉल हा खरा मोठा अध्याय. ऑस्लोच्या परिसरातला हा बँड १९९३ साली सुरू झाला. पीटर आणि क्रिस्टर एस्पेवोल हे भाऊ, ड्रमवर त्यांचा चुलत भाऊ डेव्हिड हुस्विक, बासवर ऐस्टाइन होल्म. म्हणजे इथेही घरचीच माणसं! ओले नंतर आला. १९९८ अखेरीस स्वीडनच्या एंडटाइम प्रॉडक्शन्सने 'बरिअल' काढला आणि पुढे सिएटलच्या सॉलिड स्टेट या रेकॉर्ड कंपनीमार्फत तो अमेरिकेत पोचला. पीटर ओरडतो, म्हणजे ग्रोल (खर्जातला गुरगुराट) आणि चिरका आवाज दोन्ही, आणि ओले गातो. 'क्लीन व्होकल', म्हणजे न ओरडता सुरात गाणं, हा तेव्हाच्या डेथ मेटलमध्ये बऱ्याचदा गाणं मऊ करायला लावलेला तुकडा असायचा. ओलेचा गळा असा वरून लावलेला वाटत नाही. पीटरचा आवाज सुराबाहेरचा असतो, त्यामुळे गाण्याला सूर देण्याची जबाबदारी गिटारींवर आणि ओलेच्या गळ्यावर येते, आणि ते दोघं मिळून एकच स्वरसंगती पूर्ण करतात.

२००० सालचा 'अनडिसिव्ह्ड' माझ्या मते त्यांचा सगळ्यात श्रीमंत अल्बम. गाणी लांब आहेत, व्हायोलिन आहे, शांत जागा आहेत. 'ऑफ लाइट अँड शेड' लावून बघा. पंधरा वर्षांनी बँडवर माहितीपट झाला तेव्हा त्याला हेच नाव दिलं गेलं. त्यानंतर ओले बाहेर पडला आणि २००३ सालच्या 'सिनर्जी'साठी परत आला. त्यात गाणी आखूड, अणकुचीदार, थ्रॅश या वेगवान मेटलकडे झुकलेली. पुन्हा बाहेर. २००५ चा 'द ब्लूप्रिंट डाइव्ह्ज' त्याच्याशिवाय झाला. २००७ साली बँडच थांबला.

आणि २००८ साली 'शेकिन द ग्राउंड'.

इथे स्टीली डॅन, डूबी ब्रदर्समधला मायकल मॅक्डॉनल्ड, टोटो, अल जॅरो हे त्या वळणाचे सगळे बँड आणि गायक आठवतात, आणि ते लपवायचा प्रयत्नही नाही. पण एक्स्टॉल ऐकून आलेल्या माणसाने मागचे आवाज ऐकावेत. मुख्य गायकही तो आणि मागे गाणाराही तोच. आपल्याच गळ्याचे थर एकमेकांवर बसवलेत. त्या थरांत आतला स्वर एका जागी बसून राहत नाही, कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह) बदलला की सरकतो, कधी कॉर्ड बदलायच्या आधीच सरकतो. 'बरिअल'मधल्या जोडगिटारी हेच करतात.

'कीप मूव्हिन' (२०११) आणि 'स्टेपिंग अप' (२०१४) हे याच वाटेवरचे. मध्ये जून २०१३ मध्ये 'एक्स्टॉल' नावाचाच अल्बम आला. त्यात पीटर, डेव्हिड आणि ओले तिघंच. गिटार, बास आणि गाणं ओलेचं, मिक्सिंग स्वीडनच्या येन्स बोग्रेनचं. पाच वर्षं सोल गाऊन आल्यावर त्याचा मेटलमधला गळा किती बदलला हे त्यात कळतं. 'अ गिफ्ट बियाँड ह्यूमन रीच' माझ्या आवडीचं.

कोणी ऐकलंय का याला? सहमती-असहमती दोन्ही हवी आहे.

डबलबास

वा! मराठीत एक्स्टॉलवर धागा. वाचनखूण साठवली.

मी 'अनडिसिव्ह्ड'पासून सुरुवात केली होती, कॉलेजात एका मित्राने सीडी कॉपी करून दिली होती. तोपर्यंत ऐकलेल्या डेथ मेटलमध्ये गिटारी एकत्र चालल्या तर बहुतेक ठरलेल्या अंतराने समांतर चालायच्या, आयर्न मेडनपासूनची सवय. एक्स्टॉलमध्ये एक गिटार वर जाताना दुसरी खाली येते किंवा एका स्वरावर थांबून राहते. ते ऐकून वाजवायला बसलो तर एक बाजू पटकन सापडली, दुसरी सापडेना.

हुस्विकबद्दल मात्र तुम्ही फार थोडं लिहिलंत. 'सिनर्जी'मध्ये मात्रा सतत बदलतात आणि तरी गाणं अडखळत नाही, ते ड्रमरचं देणं आहे. २०१३ च्या अल्बममध्ये तिघंच असूनही बँड भरलेला वाटतो तोही त्याच्यामुळे. ओलेची हार्मनी त्या पायावर उभी आहे.

आणि 'पॅरलिसिस' हे २००१ चं ईपी (छोटा अल्बम) विसरू नका. त्यात पेनसिल्वेनियाच्या बिलिव्हर या बँडचं गाणं त्यांनी वाजवलंय. 'सिनर्जी' कुठून आला ते तिथे कळतं.

मेघना_के

मेटलमधलं मला काही कळत नाही, पण लेख शेवटपर्यंत वाचला. एक प्रश्न. गॉस्पेल म्हणजे मी आजवर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चचं संगीत समजत होते. नॉर्वेसारख्या देशात, तेही एका आडगावात, घरोघरी गॉस्पेल कसं पोचलं? आणि हे लोक त्याला गॉस्पेल म्हणतात ते त्याच अर्थाने का?

फ्योर्डकाठी

मी बरीच वर्षं नॉर्वेत आहे, मुलं इथेच वाढली, म्हणून मेघनाताईंच्या प्रश्नावर थोडं सविस्तर लिहिते.

इथे एकेकाळच्या सरकारी लुथरन चर्चच्या बरोबरीने 'बेडेहुस' नावाची संस्था आहे. म्हणजे गावातलं प्रार्थनाघर. पाद्री नाही, वेदी नाही, साध्या लोकांनी एकत्र येऊन वाचायचं, बोलायचं, गायचं. याचं मूळ हान्स नील्सन हाउगे या शेतकऱ्याच्या मुलाकडे जातं (१७७१-१८२४). १७४१ च्या एका कायद्यानुसार पाद्रीच्या परवानगीशिवाय धर्मसभा भरवायला बंदी होती. हाउगे देशभर पायी हिंडून बोलत राहिला आणि त्यापायी काही वर्षं तुरुंगात काढली. १८४२ साली तो कायदा गेला आणि त्यानंतर गावोगाव प्रार्थनाघरं उभी राहिली. ऑर्गन परवडणारं नसे, म्हणून गिटार, मँडोलिन, अकॉर्डियन. गिटारी घेऊन दोन-तीन आवाजांत गाणाऱ्या बायकांचे गट गावोगाव असत. तेव्हा घरच्या घरी वेगवेगळ्या आवाजांत गाण्याची सवय इथे गॉस्पेलच्या आधीपासूनची.

अमेरिकन गॉस्पेल आलं ते नंतर. १९६९ साली एडविन हॉकिन्सच्या 'ओ हॅपी डे'ची रेकॉर्ड जगभर गाजली, तशी इथेही. सत्तरच्या दशकात स्वीडनमध्ये योटेबोर्गच्या 'कोरालेर्ना' या गायनवृंदाने ती शैली उचलली, आणि त्यांच्या रेकॉर्डी सीमा ओलांडून आल्या. त्याच सुमारास बर्गनमध्ये 'टेन सिंग' सुरू झालं होतं. वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या छत्राखाली किशोरवयीन मुलांनीच चालवलेले गायनगट. गाणी निवडायची त्यांनी, बँड त्यांचा, मंचही त्यांचा. १९८८ साली तूरे ओस यांनी ऑस्लो गॉस्पेल कॉयर सुरू केलं तोवर अशा गटांत तयार झालेली एक पिढी हाताशी होती.

'त्याच अर्थाने का' याचं उत्तर: शैली अमेरिकन, दु:ख वेगळं. गुलामगिरीतून आलेली वेदना इथल्या गॉस्पेलमध्ये नाही, असूही शकत नाही. इथे ते सामूहिक आनंदाचं गाणं जास्त आहे. हे मी कमीपणा म्हणून लिहीत नाही. पण ओलेला ऐकताना हे लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

बाकी हामार अगदीच आडगाव नाही हं! म्योसा या नॉर्वेतल्या सगळ्यात मोठ्या सरोवराच्या काठी आहे. १९९४ च्या हिवाळी ऑलिंपिकचं स्पीड स्केटिंग तिथेच झालं. तूनहाइम ही संगीताची फोल्कहॉयस्कूल, म्हणजे परीक्षा-गुणांशिवाय वर्षभर राहून शिकायची शाळा, तीही तिथलीच.

सप्तकवेडी

फ्योर्डकाठी, फार मोलाचा प्रतिसाद. मूळ लेखात नसलेला पाया तुम्ही घातलात.

त्याला जोडून एक. गॉस्पेल गाणारा मुलगा लॉस एंजेलिसच्या सोलकडे कसा वळला असं विचारलं जातं. ती वळणवाट फार लांबची नाही. सत्तरच्या दशकात आंद्रे क्राउच यांच्या गॉस्पेल रेकॉर्डींवर वाजवणारे लोक कोण होते बघा. बिली प्रेस्टन, क्रुसेडर्स या बँडमधला जो सॅम्पल. म्हणजे दिवसा पॉपच्या सत्रात बसणारेच संध्याकाळी गॉस्पेल वाजवत होते. क्राउच यांचा ड्रमर आणि निर्माता बिल मॅक्सवेल, बासवादक अब्राहम लाबोरिएल वगैरेंनी पुढे 'कोइनोनिया' हा वाद्यसंगीताचा बँड काढला आणि त्याला स्कँडिनेव्हियात मोठा श्रोतावर्ग मिळाला. तेव्हा सत्तर-ऐंशीच्या दशकांत उत्तर युरोपातल्या गॉस्पेल ऐकणाऱ्या घरात 'वेस्ट कोस्ट'चा, म्हणजे त्याच लॉस एंजेलिसचा, नाद आपोआपच कानावर पडत होता. ओले ज्या संगीताकडे '२००८ साली वळला' असं लिहितात ते त्याच्या लहानपणीच त्याच्या भोवती होतं. मेटल हेच त्याने घराबाहेर जाऊन शोधलं.

जुना_रॉकर

मेटलचं मान्य. सोलचं नाही.

'शेकिन द ग्राउंड' आणि 'कीप मूव्हिन' दोन्ही ऐकले. वादन निर्दोष, गाणं निर्दोष, ध्वनिमुद्रण काचेसारखं लख्ख. पण हे सगळं १९७७ ते १९८२ मध्ये होऊन गेलंय. स्टीली डॅनच्या 'एजा'मध्ये जी विचित्र माणसं शब्दांतून भेटतात, जे विष आहे, ते इथे कुठे आहे? नुसता कॉर्ड घेतला आणि विष काढून टाकलं तर हॉटेलच्या लॉबीतलं संगीत उरतं. एक्स्टॉलमध्ये हा माणूस धोका पत्करतो. सोलमध्ये तो सुरक्षित खेळतो. फ्योर्डकाठींनी 'दु:ख वेगळं' म्हटलं ते मला सोलच्या अल्बमांना नेमकं लागू वाटतं.

सप्तकवेडी

जुना_रॉकर, आक्षेप वजनदार आहे. अर्धा मान्य. शब्दांच्या बाबतीत स्टीली डॅनशी तुलना ओलेच्या बाजूने जाणार नाही. त्यांचे फेगन आणि बेकर कादंबरीकाराच्या नजरेने लिहायचे, ओले तसा लेखक नाही.

पण 'सुरक्षित' नाही पटत. नॉर्वेसारख्या छोट्या बाजारपेठेत २००८ साली, असं संगीत कोणी मागत नसताना, ब्रास सेक्शनसकट पूर्ण अल्बम करणं यात सुरक्षित काय आहे? 'यॉट रॉक' म्हणून हे संगीत पुन्हा लोकांच्या तोंडी बसलं ते बरंच नंतर. आणि धोका म्हणजे दर वेळी विसंवादी स्वर आणि वेग असंच नाही. मेटलमध्ये गळा गिटारींच्या भिंतीमागे लपू शकतो. सोलमध्ये मागे मोकळी जागा असते, तिथे प्रत्येक स्वर एकटा उभा राहतो.

वसईकर

आमच्या चर्चच्या गायनमंडळात मी कित्येक वर्षं टेनर गातो, म्हणून धागाकर्तीच्या मूळ मुद्द्यावर लिहावंसं वाटलं.

चार आवाजांत गाणाऱ्या मंडळात सोप्रानोला चाल मिळते आणि बासला पाया मिळतो. मधल्या आल्टो आणि टेनरला जे मिळतं ते एकटं गायलं तर गाणंच वाटत नाही. दोन-तीन स्वरांत फिरायचं, बराच वेळ एकाच स्वरावर थांबायचं, आणि मग नेमक्या क्षणी अर्ध्या स्वराने सरकायचं. तो अर्धा स्वर चुकला तर सगळ्या गाण्याचा रंग जातो. मधल्या आवाजाने गाणारा माणूस कायम इतरांना ऐकत असतो, कारण त्याच्या ओळीला स्वतःचा अर्थ नसतो.

कालपासून मी 'एक्स्टॉल' (२०१३) ऐकतोय. मेटलशी माझा काही संबंध नाही. पण ओलेच्या गिटारीत मला टेनरची ओळ ऐकू येते. इतर बँडच्या गिटारी दोन सोप्रानोंसारख्या चालतात, दोघी चालच गातात. हा मधला आवाज लिहितो. लहानपणी घरच्या गटात गायलेल्या माणसाला हे कोणी शिकवावं लागलं नसेल.

डबलबास

वसईकर, 'दुसरी बाजू सापडेना' असं मी वर लिहिलं होतं, त्याचं कारण तुम्ही सांगितलंत. मी त्यात चाल शोधत होतो आणि तिथे चाल नव्हतीच. पुन्हा गिटार काढतो.

स्पष्टवक्ता

धागा छान आहे, पण एका गोष्टीला सगळे बगल देताय. हे ख्रिस्ती मेटल आहे. शब्द भक्तीचे आहेत. बंडखोरीचं संगीत घेऊन त्यात प्रवचन भरायचं, हे मला पटत नाही. ब्लॅक सॅबथपासून या संगीताचा जीवच मुळी चर्चच्या विरोधात उभं राहण्यात आहे. बिनगाण्याचं वादन म्हणून ऐकायला हरकत नाही, पण शब्द कळले की माझा रस संपतो.

डबलबास

स्पष्टवक्ता, ब्लॅक सॅबथचं उदाहरण तुमच्याविरुद्ध जातं. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी'मधलं 'आफ्टर फॉरएव्हर' ऐका. गीझर बटलर कॅथलिक घरातला, आणि ते गाणं देवावर विश्वास न ठेवणाऱ्यालाच प्रश्न विचारतं. म्हणजे हा वाद मेटलमध्ये पहिल्या दोन-तीन वर्षांपासूनच आहे.

आता नॉर्वे, १९९४. ऑस्ट्रेलियाच्या जेसन शेरलॉकने 'होर्ड' नावाने एकट्याने एक ब्लॅक मेटल अल्बम केला, शब्द उघड ख्रिस्ती, नाव नॉर्वेजियन: 'हेलिग उस्वार्ट'. न्यूक्लिअर ब्लास्ट या रेकॉर्ड कंपनीने तो काढला आणि त्यावरून धमक्या आल्या. नॉर्वेत 'आंटेस्टर' हा ख्रिस्ती मेटल बँड होता, १९८९ पासूनचा. चर्च जळण्याच्या त्या दिवसांत, त्या देशात, लांब केस ठेवून मंचावर येऊन 'मी विश्वास ठेवतो' म्हणणं यात बंडखोरी नव्हती असं मला म्हणता येत नाही. भोवतीचे सगळे मेटलवाले एका बाजूला असताना दुसरीकडे उभं राहायचं होतं. आणि चर्चमधली बरीच मोठी माणसंही या गोंगाटाकडे संशयानेच पाहत असणार.

एक्स्टॉल या सगळ्यातून आले. 'बरिअल'मधली काही गाणी तर नॉर्वेजियनमध्येच आहेत. 'येसूस कोम टिल योर्डेन फोर ओ डो' म्हणजे येशू मरायला पृथ्वीवर आला. इतकं सरळ. बेडेहुसमध्ये म्हटलं जाईल असं वाक्य, डेथ मेटलवर. लपवाछपवी काही नाही.

सप्तकवेडी

स्पष्टवक्ता, तुम्ही उघडपणे लिहिलंत हे बरं झालं.

मी स्वतः श्रद्धाळू नाही. तरी तुकोबांचे अभंग ऐकताना मी 'शब्द वगळून' ऐकत नाही, बाख ऐकतानाही नाही. माणूस कशासाठी गातोय हे त्याच्या गाण्यातून वेगळं काढता येत नाही असं मला वाटतं. ओलेच्या बाबतीत तर अजिबात नाही. एक्स्टॉलच्या शब्दांत विजयाच्या घोषणा कमी आणि अपुरेपणा जास्त. 'रिफ्लेक्शन्स ऑफ अ ब्रोकन सोल', 'टिअर्स ऑफ बिटरनेस', 'कन्फेशन ऑफ इनअॅडेक्वसी', ही गाण्यांची नावंच बघा. प्रवचन देणारा माणूस आपल्या गाण्याला अशी नावं ठेवत नाही. फ्योर्डकाठी म्हणाल्या की इथल्या गॉस्पेलमध्ये आनंद जास्त आहे. मग त्या घरात वाढलेल्या मुलाने दु:ख, शंका, राग कुठे ठेवायचा? मला वाटतं ओलेने तो मेटलमध्ये ठेवला, आणि जुना_रॉकर यांना सोलमध्ये जे 'विष' सापडत नाही तेही बरंचसं तिकडेच आहे.

जुना_रॉकर

हे शेवटचं वाक्य मला विचार करायला लावतंय. म्हणजे सोलचा अल्बम एकटा ऐकू नये, २०१३ चा 'एक्स्टॉल' आणि २०१४ चा 'स्टेपिंग अप' जोडीने ऐकावेत. प्रयत्न करतो. माझं मत अजून बदललेलं नाही.

मेघना_के

मी दोन दिवस ऐकतेय. 'अनडिसिव्ह्ड' पहिल्यांदा अर्ध्यात बंद केला, पीटरचा आवाज सहन होईना. मग वसईकरांचा प्रतिसाद वाचून हेडफोनवर फक्त उजव्या आणि डाव्या गिटारीकडे लक्ष देऊन ऐकलं. आता ग्रोल बाजूला राहतो आणि गिटारी दिसायला लागतात. 'स्टिला' या शेवटच्या तुकड्यापर्यंत पोचले आणि पुन्हा सुरुवातीपासून लावला.

प्रश्न: 'फ्लेशकिलर'बद्दल कोणीच लिहिलं नाही. ते ऐकू का?

डबलबास

नक्की ऐका. 'अवेकन', २०१७. एक्स्टॉल पुन्हा शांत झाल्यावर ओलेने उभा केलेला बँड. ग्रोल अमेरिकेतल्या एलायशा मलिन्सचा, बासवर ओले व्हिस्टनेस, ड्रमवर आंद्रेआस स्कोर्पे शोएन. एक्स्टॉलपेक्षा गाणी नेटकी, कोरस मोठे. ओलेचे स्वच्छ गळ्याचे थर इथे सगळ्यात पुढे आहेत, सोलचे तीन अल्बम करून आलेला माणूस आहे हे लगेच कळतं. 'पॅरलल किंगडम'पासून सुरू करा. माझ्या लेखी 'अनडिसिव्ह्ड'ची खोली त्यात नाही, पण मेटल नव्याने ऐकणाऱ्याला हाच अल्बम जास्त जवळचा वाटेल.

एक सूचना सगळ्यांसाठी. 'द ब्लूप्रिंट डाइव्ह्ज'च्या श्रेयनामावलीत ओले दिसतो तो ओले हालवार स्वेन, 'लेंगसेल' या बँडचा. आपला ओले त्यात नाही. शोधताना दोघांची गल्लत होते आणि मग 'याचा गळा एकदम बदलला' असले निष्कर्ष निघतात.

फ्योर्डकाठी

नव्या मंडळींसाठी एक गोष्ट राहिली. ओलेसारखी माणसं इथे एकटीदुकटी नाहीत. १९९७ पासून प्रत्येक नगरपालिकेला मुलांसाठी कलाशाळा चालवणं कायद्याने बंधनकारक आहे. माझी मुलगी तिथे बासगिटार शिकली. तिचा शिक्षक आठवडाभर मुलांना शिकवायचा, शनिवारी जाझ वाजवायचा आणि रविवारी चर्चमध्ये. एकाच माणसाने तीन जागी तीन तऱ्हांनी वाजवायचं, यात इथे कोणाला नवल वाटत नाही. ओले तेच करतो, फक्त तिन्हीकडे फार वरच्या दर्जाचं करतो.

वसईकर

सप्तकवेडी, 'अ गिफ्ट बियाँड ह्यूमन रीच'च्या कोरसमधले आवाज कागदावर उतरवायला घेतलेत. वरचा आणि खालचा मिळाला, मधल्यावर अडलोय. डबलबास, तुमची गिटार बाहेर असेल तर मदत करा. उतरवून झालं की आमच्या मंडळातल्या चौघांना घेऊन नुसत्या गळ्यांनी गाऊन बघणार आहे.

डबलबास

आहे बाहेर. व्यक्तिगत निरोपात पाठवा तुम्ही जेवढं उतरवलंय तेवढं. ट्यूनिंग खाली आहे, त्यामुळे तुमच्या टेनरना पट्टी बदलून घ्यावी लागेल.